दुसरा खटका

गेल्या महिन्यात ठाणे स्टेशनला एका टॅक्सीवाल्याने मला सुनावलं. मानपाड्याहून बसले तेव्हापासून मी फोनवर होते. कापूरबावडी गेलं, माजिवडा गेलं, तीन हात नाक्याचा सिग्नल तीनदा लाल झाला, माझा फोन चालूच. स्टेशनपाशी मागच्या रिक्षांनी हॉर्नचा धोशा लावला तशी घाईघाईत उतरले. एका हातात फोन, खांद्यावर बॅग, आणि कोपराने म्हणा की कमरेने म्हणा, दार मागे ढकलून दिलं. धाडकन लागलं. पंचविशीतला पोरगा होता. काच खाली करून म्हणाला, "ताई, ट्रॅक्टर नाहीये हा. दार जरा हळू." रागावून नाही, दमून म्हणाला. दिवसातून वीसेक वेळा म्हणत असावा. मी "सॉरी" पुटपुटले आणि जिना चढले. लोकलमध्ये मुलुंड यायच्या सुमारास सुचलं की ट्रॅक्टरला दार असतंच कुठे. अशी उत्तरं मला नेहमी पुढच्या स्टेशनवर सुचतात.

पण मुलुंड गेलं, भांडुप गेलं, घाटकोपर आलं तरी ते वाक्य काही पाठ सोडेना. विद्याविहार सुटल्यावर सवयीने पश्चिमेकडे बघितलं. तिकडे आता उंच इमारती आहेत, एका रस्त्याला तेवढं 'प्रीमियर' नाव राहिलंय. आणि मग लक्षात आलं की आपल्याला एवढं का लागलंय. आमच्या घरात शिवी चालली असती, परीक्षेत नापास होणं चाललं असतं. गाडीचं दार आपटलेलं चालत नव्हतं.

माझे आजोबा, म्हणजे अण्णा, कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये गाड्यांची दारं बसवायचे. 28 वर्षं.

अण्णा मूळचे बार्शीचे. कंपनी वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेली आणि वालचंद सोलापूरचे, त्यामुळे कंपनीत अर्धा वाटा आपल्या जिल्ह्याचा आहे अशा थाटात ते बोलायचे. 1956 साली कामाला लागले तेव्हा फियाट 1100 बनत होती, जिला मुंबईत सगळे डुक्कर फियाट म्हणायचे. तिची पुढची दारं उलटी, बिजागऱ्या मागे आणि कडी पुढे. नऊवारी नेसलेल्या बाईला उतरायला त्याहून सोयीची गाडी पुन्हा झाली नाही, असं अण्णांचं मत. पुढे सरळ दारांच्या फियाट आल्या, मग 1974 च्या सुमाराला त्याच गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. नावाशी अण्णांना देणंघेणं नव्हतं. ते शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणाले, जसे एलबीएस मार्गाला आग्रा रोड म्हणत राहिले. नौपाड्यातून डबा घेऊन निघायचे, लोकलने कुर्ल्याला जायचे, संध्याकाळी त्याच लोकलने परत. हजारो गाड्यांना त्यांचा हात लागला आणि त्यांना गाडी चालवता येत नव्हती. लायसन्ससुद्धा कधी काढलं नाही. "मी काय करू चालवून? मला उतरताना काम असतं," म्हणायचे.

ते काम मी पाहिलेलं आहे. दाराच्या हँडलच्या खाली, चार बोटांवर, उघडा तळहात ठेवायचा. दार साधारण एका वितीवर आणायचं. तिथे क्षणभर थांबायचं. मग झटका न देता, अंगाचा थोडा भार देऊन, आत सोडायचं. ढकलायचं नाही, सोडायचं. दाराला दोन खटके असतात हे मला अण्णांनी शिकवलं. पहिल्या खटक्याला दार नुसतं अडकतं, म्हणजे नीट लागलं नसेल तरी चालत्या गाडीत सताड उघडू नये एवढ्यासाठी तो. दुसऱ्याला लागतं. चांगलं बसवलेलं दार असेल तर हे दोन वेगळे ऐकू येत नाहीत, एकात एक मिसळून एकच 'ढब' येतो. वेगळे आले की समजायचं, दार उतरलंय. बिजागरी झिजली असेल, नाहीतर खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे दाराची कडी ज्यात अडकते तो तुकडा, सरकला असेल. मग अण्णा त्यांची लाकडी मोगरी काढायचे. एका बाजूने बसबसून खळगा पडलेली ती मोगरी निवृत्त होताना ते घरी घेऊन आले. खंडेनवमीला पाटावर ती असायची, शेजारी आजीची विळी, बाबांचं पेन आणि माझी कंपासपेटी. मोगरीला हळदीकुंकू वाहताना अण्णा टोपी घालायचे. एरवी देवापुढेही घालत नसत.

टॅक्सीत क्वचितच बसायला मिळायचं, पण बसलो की उतरताना सगळ्यांनी आधी उतरून फुटपाथवर उभं राहायचं आणि दार अण्णांनी लावायचं, असा शिरस्ता. दार इतकं हळू लागायचं की टॅक्सीवाला हमखास मागे वळून बघायचा, लागलं की नाही म्हणून. अण्णा हात हलवून "जाव जाव" करायचे. त्या वयात मला त्याची लाज वाटायची. लोक बघतात असं वाटायचं. कोणी बघत नव्हतं.

बाबांनी गाडी घेतली 1988 साली. बँकेत होते, गाडी परवडत नव्हतीच, पण नवी घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेली माणसं आमच्या चाळीत दोन होती आणि बाबांना थांबायचं नव्हतं. मुलुंडच्या एका डॉक्टरांची 1976 ची पद्मिनी विकायला होती, राखाडी रंगाची. बघायला बाबा, बाबांचे एक मित्र ज्यांना इंजिनातलं कळतं असा समज होता ते, आणि अण्णा असे तिघे गेले. मी आणि दादा शेपटासारखे मागे. मित्रांनी बॉनेट उघडून बराच वेळ गंभीर चेहरा केला. अण्णांनी बॉनेटकडे बघितलंही नाही. चारी दारं एकेकदा उघडली आणि लावली. मागच्या डाव्या दाराशी थांबले. पुन्हा लावलं. कान जवळ नेला. रबराच्या पट्टीवरून नख फिरवलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "इकडून ठोकलेली आहे. दार दुसऱ्या गाडीचं आहे." डॉक्टर आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, हो, 81 साली, मेहुण्याने. 2 हजार कमी झाले. घरी येताना बाबा चालवत होते आणि अण्णा मागच्या डाव्या दारापाशी बसून होते, त्याच्यावर हात ठेवून. जणू ते नवीन शाळेत घातलेलं पोर होतं.

त्या फियाटचा वास मला अजून आठवतो. तापलेलं रेक्झिन, पेट्रोल, आणि डॅशबोर्डवर वाळत पडलेला झेंडू. पुढची सीट एकसलग, बाकासारखी, त्यावर तिघं बसायचो. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. समोरच्या खिडक्यांना छोट्या तिकोनी काचा होत्या, त्या उलट्या फिरवल्या की वारा थेट तोंडावर यायचा. त्या काचेवरून माझी आणि दादाची जी भांडणं झाली तेवढी इस्टेटीवरून होणार नाहीत. दर मे महिन्यात बार्शी. पहाटे चारला निघायचं कारण ऊन चढायच्या आत खोपोलीचा घाट मारायचा. तरी एका वर्षी निघायला उशीर झालाच. शिंग्रोबाच्या देवळाशी आजीने नाणं टाकलं, आणि पुढच्याच वळणावर गाडीने दोन आचके दिले आणि बसली. उन्हात पेट्रोल इंजिनापाशी असलेल्या छोट्या पंपापर्यंत यायच्या आधी नळीतच उकळतं, त्याची वाफ अडकते आणि पंप नुसती हवा ओढत राहतो. त्याला लॉक होणं म्हणायचे. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. बाबांनी फडकं शोधलं, नव्हतं. आजीने पिशवीतून अण्णांचा नवा पंचा काढला, बार्शीला लग्नात मिरवायला घेतलेला, फिरकीच्या तांब्यातलं पाणी त्याच्यावर ओतलं आणि बाबांच्या हातात दिला. पंपावर पंचा ठेवून आम्ही सगळे दगडांवर बसलो. ट्रक चालले होते, खाली दरीत रेल्वे जात होती, आजीने दशम्या काढल्या. आता द्रुतगती मार्गावरून पुण्याला जाताना बोगद्यात शिरलो की मी लेकीला ही गोष्ट सांगते. ती विचारते, "मग टोइंगवाल्याला का नाही बोलावलं?"

बाबांचं गाडीप्रेम वेगळ्या जातीचं. त्यांना आवाजातलं, लोखंडातलं काही कळायचं नाही. ते वही ठेवायचे. तारीख, लिटर, किलोमीटर, आणि शेवटच्या रकान्यात सरासरी, दोन दशांश स्थळांपर्यंत. फियाट कधी 12 च्या वर गेली नाही, पण एका पानावर 12.40 आहे आणि त्याच्याभोवती लाल चौकट. ती वही माझ्याकडे आहे. त्यात आमच्या कुठल्याच सहलीचं नाव नाही, पण आकड्यांवरून मी सांगू शकते की हे अलिबाग आणि हे बार्शी.

1994 साली फियाट गेली आणि मारुती 800 आली. नवीकोरी, पांढरी, एमएच 04. दारात उभी राहिल्यावर आजीने ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, सगळं झाल्यावर सगळे अण्णांकडे बघू लागले. अण्णा पुढे झाले, दार उघडलं, एका वितीवर आणलं, सोडलं. लागलंच नाही. फियाटच्या दाराला स्वतःचं वजन होतं, ते स्वतःच आत जायचं. हे हलकं, पत्र्याचं, अर्ध्यात थांबलं. दुसऱ्यांदा जरा जोर लावला तर 'टप' असा आवाज आला. अण्णा म्हणाले, "हे दार नाही, झाकण आहे." बाबांचा चेहरा पडला. मला वाटतं त्या दिवशी अण्णांना कळलं असणार की कुर्ल्याचं आता काही खरं नाही. कारण पुढचा महिनाभर ही झाकणवाली गाडी रोज सकाळी अर्ध्या चावीत सुरू होत राहिली. फियाटला चोक ओढा, थांबा, पुन्हा ओढा, कधी हॅण्डल मारा. हिला काहीच नाही. तीन सिलिंडरचं 796 सीसीचं ते इंजिन थरथरायचं आणि चालू व्हायचं. अण्णा गॅलरीतून बघायचे आणि काही बोलायचे नाहीत.

ती गाडी खरी झाली आईची. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, रात्री चालवायला डॉक्टरांनी मनाई केली, आणि आईने वयाच्या 43 व्या वर्षी क्लास लावला. शाळेतून सुटली की उपवनच्या रस्त्याला शिकायला. हाफ क्लच मात्र ती कोपरीच्या पुलाच्या चढावर शिकली, संध्याकाळच्या गर्दीत, मागे बेस्टची बस आणि शेजारी बसलेले बाबा दर दोन मिनिटांनी हॅण्डब्रेक ओढतायत. एकदा तिने बाबांना पुलावरच उतरायला सांगितलं. उतरले. पुढे आनंद टॉकीजपाशी पुन्हा घेतलं. त्यानंतर बाबा तिच्या गाडीत मागे बसू लागले, अण्णा पुढे. आणि मी एक गोष्ट पाहिली आहे, जी बाबांना कधी सांगितली नाही. बाबा चालवायचे तेव्हा अण्णा ताठ बसायचे, रस्त्याकडे डोळे. आई चालवायची तेव्हा ते झोपायचे. हनुवटी छातीवर, हात मांडीवर, माजिवड्यापासून थेट नाशिकपर्यंत.

1999 च्या पावसात रात्री दोनला त्यांच्या छातीत दुखायला लागलं. आईच गाडी काढून निघाली. मी मागे त्यांना धरून होते. राम मारुती रोडवर पाणी साचलेलं, वायपर एकच चालत होता. त्या रात्री चढताना, उतरताना गाडीची चारी दारं आम्ही धडाधडा आपटली, कुणालाच भान नव्हतं. अण्णा काही बोलले नाहीत. आई नंतर म्हणाली, तेव्हा मी घाबरले.

दादा चाकणला एका गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. त्याचं खातं आवाजाचं. चारी भिंतींना स्पंज लावलेल्या खोलीत गाडी उभी करतात, माणसाच्या डोक्याच्या आकाराचा एक पुतळा बसवतात, त्याच्या कानात माइक असतात, आणि दार लावतात. पन्नास वेळा, शंभर वेळा. आवाज भारदस्त यावा म्हणून दाराच्या पत्र्याला आतून डांबराच्या जाड पट्ट्या चिकटवतात, रबर दुहेरी करतात. शोरूममध्ये माणूस इंजिन बघत नाही, दार लावून बघतो आणि मग ठरवतो, असं तो म्हणतो. हे त्याने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही हसत सुटलो आणि मग दोघंही गप्प झालो. मला आधी वाटलं, अण्णा असते तर किती खूश झाले असते, नातू त्यांच्याच धंद्यात. मग वाटलं, की नसते झाले. आवाज पट्टी चिकटवून आणायचा म्हणजे त्यांच्या दृष्टीने लबाडीच. दादाला हे बोलले नाही. तो पुतळ्याला आपसात अण्णा म्हणतो, तेवढं पुरे आहे.

आणि मी? गाड्यांवर जीव टाकणाऱ्या घरातली मुलगी घोडबंदर रोडवर राहायला आली. याहून मोठा सूड नाही. चौदाव्या मजल्यावरून रात्री खाली बघितलं तर मेट्रोच्या खांबांच्या दोन्ही बाजूंना लाल दिव्यांची एक न हलणारी माळ. माझी अकरा वर्षांची लेक ग्रिलला नाक लावून नुसत्या मागच्या दिव्यांवरून गाड्या ओळखते. नौपाड्याच्या गॅलरीत मी आणि दादा हाच खेळ खेळायचो, पण तेव्हा ॲम्बॅसिडर, फियाट आणि जीप संपल्या की खेळ संपायचा. हिचा खेळ संपतच नाही. इलेक्ट्रिक गाड्या ती आवाज नाही यावरून ओळखते, चौदाव्या मजल्यावर, मी काय बोलणार. मला तो खेळ आवडतो आणि खालच्या धुराने तिला दर हिवाळ्यात खोकला होतो. दोन्ही एकाच खिडकीतून. मी स्वतः गाडी घेतलेली नाही. लोकांना वाटतं तत्त्व आहे. सोसायटीत जागा मिळत नाही.

तर त्या दिवशीचा फोन. तो नौपाड्याच्या इमारतीच्या सेक्रेटरींचा होता. इमारत पुनर्विकासाला चालली आहे, घरं रिकामी करायची तारीख ठरली, आणि आवारात आईची 800 उभी आहे. "वहिनींना सांगा काहीतरी. बिल्डरची माणसं विचारतात, ही हलवायची कुठे?" 31 वर्षांची गाडी. दर पाच वर्षांनी आईने तिचं पासिंग करून घेतलंय, 2009, 14, 19, आणि गेल्या वर्षी पुन्हा, पाच हजार फी भरून, वर पर्यावरण कर भरून. आणि पासिंग झाल्यावर दोनच महिन्यांत तिने स्वतःहून चालवणं सोडलं. मान वळत नाही म्हणाली. दादाने स्क्रॅप सेंटरची माहिती काढलीय, सर्टिफिकेट मिळतं, नव्या गाडीच्या करात सूट मिळते. त्याने ते आईला अतिशय व्यवस्थित समजावून सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि चहा टाकला. मी सेक्रेटरींना "बोलते, बोलते" म्हणत होते, ते "मागेही बोलते म्हणाला होता" म्हणत होते, आणि त्याच रागात मी त्या पोराच्या गाडीचं दार हाणलं.

2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा आईने पेपरातलं कात्रण कापून अण्णांच्या फोटोच्या मागे खोचलं होतं. पुढे नाही, मागे. विचारलं तर म्हणाली, "त्यांनी वाचू नये म्हणून."

या रविवारी तिच्याकडे गेले. दर रविवारी दहाला ती खाली उतरते, ताडपत्री काढते, घडी घालून टपावर ठेवते आणि बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन दहा मिनिटं चालू ठेवते. मी शेजारी बसले. गाडी थरथरत होती, आरशाला लटकवलेला छोटा गणपती थरथरत होता. आईने काचा खाली केल्या होत्या. जिन्यात सामानाची खोकी आधीच रचलेली दिसत होती, कुणाची तरी पितळी समई वर्तमानपत्रात गुंडाळून वर ठेवलेली. मला सेक्रेटरींचं बोलायचं होतं. त्याऐवजी मी तिला टॅक्सीवाल्याचं सांगितलं. ट्रॅक्टरचं ऐकून ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. "तुला म्हणाला? तुला?" मग घड्याळ बघून तिने चावी फिरवली. इंजिन एकदा शहारून बंद पडलं आणि आवारातला कावळा एकदम ऐकू आला.

दोघी उतरलो. तिने तिच्या बाजूचं दार लावलं. 31 वर्षं सवय, त्या झाकणाला नेमका किती जोर लागतो ते तिच्या हाताला ठाऊक आहे. टप. मी माझ्या बाजूला हँडलच्या खाली चार बोटांवर तळहात ठेवला, दार एका वितीवर आणलं, क्षणभर थांबले आणि सोडलं.

आई ताडपत्री उलगडता उलगडता थांबली.

"तुझं पहिल्यावरच राहिलंय," म्हणाली. "परत लाव."